अक्कांचे भय

सौ. गिरिजाबाई बिराजदार, म्हणजे सोलापूरच्या अर्ध्याअधिक विणकर वस्तीच्या अक्का, यांची व माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या एका दैनिकाचा सोलापुरातला वार्ताहर म्हणून मी त्यांच्या डाईंगमध्ये गेलो होतो. एक बाई सूत रंगवण्याचा कारखाना चालवते, एवढी बातमी तेव्हाच्या संपादकांना पुरेशी नवलाची वाटे. पांढरेशुभ्र धोतर नेसून आणि वेदपाठशाळेत घोटलेली वाणी परजून मी सुताच्या ओल्या लड्यांच्या रांगांतून निघालो, तोच धोतराचा सोगा खालच्या हिरव्या पाण्यात बुडाला.

“थांबा! हलू नका तितनं!”

मला वाटले, रंग वाया गेल्याचे दुःख असावे. अक्का धावत आल्या. त्यांनी मला नळाखाली उभे केले, साबणाची वडी हातात दिली आणि घोटे लाल होईस्तोवर घासायला लावले. मुलाखत राहिली बाजूला.

“रंग सुताला लागावा म्हणून केलाय, शास्त्री. माणसाला न्हवं.” शेंडी पाहून त्यांनी मला शास्त्री ठरवले, ते आजतागायत.

“पण तुमचे रंगारी तर कोपरापर्यंत हिरवे दिसतात,” मी म्हणालो.

“त्याचंच तर भ्या वाटतंय की,” असे म्हणून त्या रंगाऱ्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसले, त्याला पुढच्या बातमीत मी ‘करारी नजर’ असे छापले. छापायला तोच शब्द सोयीचा होता.

अक्कांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला ‘अक्कांचे निर्भय नेतृत्व’ असा विषय दिला आहे. मंडळाची क्षमा मागून सांगतो की अक्का निर्भय नाहीत. माझ्या परिचयातील त्या सर्वांत घाबरट व्यक्ती आहेत. आणि बातमीदारीच्या निमित्ताने मी मंत्री, ठेकेदार व नवे जावई अशी नाना प्रकारची घाबरट माणसे जवळून पाहिली आहेत. फरक एवढाच की ती माणसे स्वतःसाठी घाबरतात.

कारखाना अक्कांच्या सासऱ्यांनी उभारला. त्यांचे चिरंजीव, म्हणजे अक्कांचे यजमान अप्पा, हे सज्जन गृहस्थ पेटीवादनात रमले आणि धंद्याचा कोणताही प्रश्न आला की ‘अक्कांना विचारा’ म्हणू लागले. स्वतःच्या पत्नीला चारचौघांत अक्का म्हणणारा दुसरा पती मी पाहिलेला नाही. धर्मशास्त्रात या आचरणाला प्रायश्चित्त सांगितलेले नाही, बहुधा शास्त्रकारांना ते सुचलेच नसावे. अशा रीतीने अक्कलकोटकडच्या एका कानडी घरातली, जेमतेम मराठी सातवी झालेली सून डाईंगची मालकीण झाली. सूत कोणत्या गिरणीचे घ्यावे, लाल रंग किती उकळीला धरतो, कोणता व्यापारी माल घेऊन तोंड फिरवतो, हे सारे त्या हौदाच्या काठावर उभे राहून शिकल्या.

त्या रंगाऱ्यांच्या हातांचे काय झाले, तेही सांगतो. अक्कांनी मुंबईहून रबरी हातमोजे आणवले. रंगारी हसले. हातमोजे घातले की सुताचा अंदाज येत नाही, असे म्हणून त्यांनी ते खुंटीला टांगले. संक्रांतीला अक्कांनी सगळ्या रंगाऱ्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावले, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या ओटीत हातमोज्यांचा एकेक जोड घातला.

“हे तुमच्यासाठी न्हाय, घरच्या मालकांसाठी हाय. हे न घालता कामाला गेले, तर संध्याकाळी भाकरी त्यांनीच थापून घ्यायची.”

त्या आठवड्यातच खुंट्या रिकाम्या झाल्या. ‘वाण’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो; त्याचा असा औद्योगिक उपयोग मात्र प्रथमच पाहिला.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याकडे वळतो. वाचकांनी येथून पुढे माझ्याकडून फार विनोदाची अपेक्षा करू नये.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. आमच्या शहराच्या कडेने एक ओढा जातो. ओढ्याच्या वरच्या अंगाला अक्कांची आणि आणखी तिघांची डाईंग. खालच्या अंगाला तेलुगू विणकरांची वस्ती, आणि वस्तीला एकच विहीर. ती विहीर त्या वर्षी तळाला गेली. कळशी टेकवून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. बायका पहाटेपासून काठावर बसून असत. अक्कांना ते बघवेना. वस्तीच्या खाली ओढ्यावर बंधारा घालावा, पाणी तुंबावे आणि मुरून विहिरीला पाझरावे, असा विचार तेव्हा सगळीकडे चालला होता. अक्कांनी स्वतःच्या खर्चाने दगड आणले, वस्तीतल्याच बेकार माणसांना काम दिले आणि बंधारा उभा केला. एका पुढाऱ्यांनी नारळ फोडला. एका चुकार सरीने ओढ्याला पाणी आले, ते तुंबले, मुरले, आणि विहिरीत खरोखरच पुरुषभर पाणी चढले. बायकांनी विहिरीची पूजा केली आणि अक्कांच्या कपाळाला मळवट भरला.

पुढे महिनोन्महिने पाऊस नाही. बंधाऱ्यातले पाणी मात्र आटेना. सगळ्यांनी त्याला दैवी कृपा म्हटले.

एका दुपारी मी अक्कांच्या कचेरीत बसलो होतो. वस्तीतल्या नरसव्वा आल्या. नरसव्वा अक्कांकडे सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होत्या. बोलणे तिखट, हात त्याहून झटपट. त्या दिवशी मात्र दारातच उभ्या राहिल्या.

“अक्का, डाळ शिजना की.”

“लाकडं ओली आसतील.”

“लाकडं वाळकी हायत. सकाळपासनं चूल पेटलीया, डाळ तशीच टणक. आन् पाण्याला वास येतोय. आमची सून पद्मा म्हणती, तोंड कडू पडतंय. तिला दिवस गेल्यात, म्हणून मला वाटलं, तिच्याच जिभेचं आसंल. मग मी पिऊन बघितलं.”

अक्कांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. त्या उठल्या, ओढ्याकडे चालू लागल्या. मी मागोमाग. बंधाऱ्यापाशी पोचल्यावर त्या काठावर उभ्या राहिल्या आणि वर पाहिले, खाली पाहिले. मग मलाही दिसले. पाऊस नसताना ओढ्यात येणारे पाणी दुसरे कुठले असणार? वरच्या चार डाईंगांनी सोडलेलेच ते. पूर्वी ते वाहून जाई, वाळून जाई. आता बंधाऱ्याने ते धरून ठेवले होते, आणि इतके दिवस ते वस्तीच्या विहिरीत मुरवले होते. पाणी आटत नव्हते, त्याचे कारण ते होते. बंधारा नसता, तर विहीर कोरडी राहिली असती, पण बाटली नसती.

“माझ्या हातानं केलं, शास्त्री,” अक्का म्हणाल्या. “पुण्य म्हणून केलं.”

मी संस्कृतचा अभ्यासक. सांत्वनाची निदान पन्नास सुभाषिते मला मुखोद्गत आहेत. त्यांतले एक शोधीपर्यंत अक्का कारखान्याकडे निघाल्याही होत्या.

त्याच दुपारी अक्कांनी आपल्या डाईंगचे हौद बंद केले. वस्तीत स्वतः जाऊन घरोघर सांगितले की हे पाणी पिऊ नका, हे माझ्यामुळे नासले आहे. कारखान्यात नळाचे जे थोडे पाणी येई, ते हातगाडीवरून पिंपांत भरून वस्तीला पाठवायला सुरुवात केली. ते पिण्यापुरते कसेबसे पुरे. लोकांनी ऐकून घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उतरली ती मला पाहवली नाही. पाहुण्याने घरात यावे आणि ‘तुमच्या लेकरांना मी विष घातले असेल, नक्की ठाऊक नाही’ असे सांगावे, याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर नरसव्वांनीच दिले. “अक्का, तुमीच पाणी आडवलाव, तुमीच सोडा की. बंधारा फोडा.”

“फोडला तर पाणी कुटं जाईल, नरसव्वा? खालच्या गावात. तितंबी विहिरी हायत, तितंबी कुणाच्या तरी सुना हायत. आपलं भ्या तिकडं ढकलून मला झोप येईल व्हय?”

अक्का पद्माला घेऊन आमच्या शहरातल्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेल्या. बरोबर मीही होतो. डॉक्टरांनी तपासले, पाण्याचा वास घेतला आणि चष्मा पुसला. “काही होईलच असे नाही,” ते म्हणाले, “आणि काही होणार नाही असेही मी म्हणणार नाही.” प्रामाणिक माणूस. परंतु असे प्रामाणिक वाक्य पोटुशी मुलगी समोर बसलेली असताना ऐकणे कसे असते, ते मी त्या दिवशी शिकलो. पद्मा डॉक्टरांकडे पाहत नव्हती. ती अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

एकट्या अक्कांनी हौद बंद करून भागत नव्हते. उरलेल्या तीन डाईंगचे पाणी येतच होते. म्हणून त्यांनी मालकांना एकत्र बोलावले. सर्वांत वडीलधारे होते नागनाथशेठ. मोठे डाईंग, मोठा आवाज. अक्कांनी उपाय मांडला. प्रत्येकाने आपल्या जागेत शहाबादी फरशीचे खोल हौद बांधायचे, रंगाचे पाणी आधी त्यात घ्यायचे, चुना आणि हिराकस घालून रंगाचा गाळ खाली बसू द्यायचा, आणि गाळ विहिरींपासून दूर फरशीबंद खड्ड्यात पुरायचा. सगळ्यांनी एकदम पाणी सोडायचे नाही. शेतकरी विहिरीच्या पाण्याची पाळी लावतात, तशी आपण आपल्या घाणीची पाळी लावायची.

“अक्का,” नागनाथशेठ म्हणाले, “बंधारा तुमचा, पाणी तुमचं, आन् खड्डे आमी मारायचे व्हय?”

“सणाचा माल आंगावर हाय,” दुसरे म्हणाले. “आत्ता हौद थांबले तर रंगारी काय खातील?”

हा प्रश्न खोटा नव्हता. अक्कांचे स्वतःचे रंगारी बाहेर बसून होते. त्यांना त्या निम्मी मजुरी देत होत्या, आणि ती कुठवर देता येईल याचाही त्यांना घोर होता.

“बाई घाबरल्या, दुसरं काय,” तिसऱ्यांनी निकाल दिला, आणि मंडळी हसली.

“व्हय,” अक्का म्हणाल्या. “घाबरले. तुमाला भ्या वाटत न्हाय, ह्याचंच जास्त भ्या वाटतंय.”

सभा संपली. बाहेर आल्यावर मी अक्कांना म्हटले, आता वर्तमानपत्रात लिहितो. त्या म्हणाल्या, “लिवा. पण तुमचं वर्तमानपत्र बापय वाचत्यात, शास्त्री. आन् बापयांना मी आत्ताच सांगून आले.”

त्यानंतर त्यांनी जे केले, ते दुसऱ्या कोणत्याही उद्योगपतीला सुचले नसते.

पद्माचा सातवा महिना आला होता. तेलुगू घरांत या वेळी श्रीमंतम् करतात. आमच्या संस्कारांतले सीमन्तोन्नयन ते हेच. गर्भारणीला हिरवे चुडे भरायचे, ओटी भरायची, आवडीचे खाऊ घालायचे. नरसव्वांच्या घरी त्या वर्षी काही करायचे त्राण नव्हते. अक्का म्हणाल्या, श्रीमंतम् मी करते. आणि आमंत्रणे दिली तिन्ही मालकांच्या घरी, त्यांच्या बायकांना. अशा बोलावण्याला नाही म्हणण्याची आपल्याकडे चाल नाही. टांग्यातून तिघी जणी जरीची पातळे नेसून वस्तीत उतरल्या. पुरुषांचे तेथे काम नव्हते. अप्पा आणि मी बाहेर कडुलिंबाखाली बसलो होतो. आतले सगळे ऐकू येत होते.

चुडे भरून झाले, गाणी झाली. मग नागनाथशेठांच्या पत्नी सुंदराबाईंचा आवाज आला. बाई स्पष्टवक्त्या.

“काय गं गिरिजा, दारात विहीर आसून घरनं पिंप भरून पाणी आणलंस? ह्यांच्या विहिरीचं चालत न्हाय व्हय तुला? आजूनबी शिवाशिव?”

“शिवाशिव न्हवं, वैनी. त्या विहिरीत आपल्या डाईंगचं पाणी उतरलंय. पोटात लेकरू आसताना ही पोर महिनोन्महिने तेच प्याली. आज तिची ओटी भरायची आन् तेच पाणी तिच्या हातात द्यायचं, हे मला हुईना.”

अप्पा पेटीच्या नसलेल्या पट्ट्यांवर बोटे फिरवीत होते, ती थांबली.

“आपल्या म्हंजे?” सुंदराबाईंनी विचारले. “आमच्याबी?”

“सगळ्यांच्याच. माझं धरून.”

“मग हिच्या लेकराला...”

“ठावं न्हाय, वैनी. डॉक्टरांनाबी ठावं न्हाय.”

मग पद्माचा आवाज आला. ती कधी मोठ्यांपुढे बोलत नसे. “सगळ्या म्हणत्यात, घाबरू नको. पण अक्का रोज येऊन माझ्याकडं बघत्यात, तवा त्यांचे हात कापत्यात. मला खरं काय ते कळतंय की.”

मग सुंदराबाई म्हणाल्या, “तुझं नाव काय गं बाळ?” आणि नाव ऐकून त्यांनी तिची ओटी पुन्हा एकदा, स्वतःच्या हाताने भरली. टांग्यात बसताना त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. अक्कांच्या चेहऱ्यावर मी रोज पाहत होतो, तेच त्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथशेठ अक्कांच्या फाटकात हजर.

“खड्डे किती खोल मारायचे, ते सांगा. काल घरी गेलो तर बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला न्हाय. म्हणाली, आदी त्या पोरीच्या पाण्याचं बघा, मग तुमचं.” मग जरा थांबून म्हणाले, “मालकांची सभा तुमी हारलाव, अक्का. मालकिणींची सभा भरवणार हाय म्हणून आदी सांगितलं आसतं, तर मी तवाच हो म्हणलो आसतो.”

चारही डाईंगांत हौद झाले. अक्कांच्या जागेत सर्वांत मोठा. नव्या मागांच्या शेडसाठी राखलेली जमीन त्यात गेली. साचलेले पाणी आटू देऊन बंधाऱ्यातला गाळ त्यांच्या रंगाऱ्यांनीच उपसला आणि तशाच फरशीबंद खड्ड्यात पुरला, हातमोजे घालून. पुढल्या पावसाळ्यांनी ओढा धुऊन काढला. विहिरीचे पाणी हळूहळू सुधारले, तरी अक्कांनी वस्तीला ते लवकर पिऊ दिले नाही.

पद्माला मुलगी झाली. रडली, दूध प्याली, बारशाला सगळ्यांचे कपडे ओले केले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अक्कांनी टाकला नाही. त्या विचारत राहिल्या की दात वेळेवर येतात का, नजर कशी आहे, ऐकू नीट येते का, चालायला कधी लागली. मुलगी आता शाळेत जाते. परवाच तिने मला विचारले, “ती आजी माझ्याकडं एवढा वेळ का बगती वो?” मी म्हणालो, तू फार सुंदर आहेस म्हणून. तिला ते पटले.

या कामाची वार्ता पसरली. विणकरांच्या अन्य गावांतून लोक हौद पाहायला येऊ लागले. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा पुढे आला तेव्हा अधिकारीही आले. कायद्याच्या आधीच हौद तयार पाहून त्यांना थोडे अपमानास्पद वाटले असावे. पुण्यात एका परिषदेला अक्कांना बोलावले होते. तेथे एका विद्वानांनी सांगितले की स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा ही श्रीमंत देशांची चैन आहे. आपल्यासारख्या विकसनशील देशांतल्या उद्योगांनी आधी पोट भरावे, मग हे पाहावे. टाळ्या पडल्या. अक्का उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांपुढे बोलण्याचीही त्यांना भीती वाटते, हे मला ठाऊक होते. पदराचे टोक मुठीत घट्ट धरलेले होते.

“साहेब, ज्याच्याकडं धा विहिरी हायत, त्यानं एक घाण केली तर चालंल. ज्याच्याकडं एकच हाय, त्याला हे परवडत न्हाय.” एवढे बोलून त्या बसल्या. विद्वानांनी आपल्या आभाराच्या भाषणात अक्कांचा ‘भगिनी’ असा उल्लेख केला, यावरून त्यांना उत्तर सुचले नव्हते हे उघड झाले.

कोणी असे समजू नये की आता सर्व क्षेम आहे. शहर वाढते आहे. ओढ्याच्या काठी नवी डाईंग उभी राहत आहेत, रंग नवे आहेत, आणि हिराकस-चुन्याला दाद न देणारे काही त्यात आहेत, असे अक्काच सांगतात. नव्या मालकांपैकी पुष्कळ जण शिकलेले, धडाडीचे, आणि खरोखरीचे निर्भय आहेत. त्यांच्याशी बोलून आलो की मला रात्रभर बरे वाटत नाही.

मागच्या पंधरवड्यात या ग्रंथासाठी चार गोष्टी विचाराव्यात म्हणून मी अक्कांकडे गेलो. त्या नव्या हौदाच्या काठावर उभ्या होत्या. गुडघे दुखतात, तरी खुर्ची घेत नाहीत. मी नेहमीच्या थट्टेने म्हटले, “अक्का, साठी झाली. आता तरी भीती सोडा. शांतीचे वय आहे.”

त्यांनी थट्टा घेतली नाही. पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “सोडते की. पण माझ्यामागं कोण घाबरणार, शास्त्री? एक नाव सांगा.”

मी पुष्कळ नावे मनातल्या मनात घेतली. त्यात या ग्रंथाचे संपादक होते, लेखक होते, मीही होतो. एकही उच्चारता आले नाही.

म्हणून अक्कांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे मी इतरांसारखे केवळ रीत म्हणून लिहीत नाही. आपल्या जागी भिणारे कोणी आम्ही अजून तयार केलेले नाही, म्हणून आपण हव्या आहात, अक्का. आपले गुडघे बरे होवोत, आपली दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, आणि आम्हांला थोडे तरी घाबरता येईल, एवढा अवधी परमेश्वर आपल्याला देवो.